‘दिवस’चा ‘दविस’ झाला तेव्हा : एक स्वस्त ई-रीडर आणि दोन कुलूपबंद पुस्तके

मी नाशिकमध्ये अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या देखभाल विभागात काम करते. यंत्र बंद पडले की आधी ते चालू करायचे आणि मग कागद भरायचा, अशी आमची रीत आहे. काय दिसले, काय तपासले, कशाने फरक पडला, कशाने नाही, हे सगळे त्या कागदावर येते. मामांच्या ई-रीडरचे प्रकरण मी त्याच सवयीने लिहिते आहे. एक गोष्ट मात्र आमच्या कारखान्यात कधी घडली नव्हती ती इथे घडली. बिघाड सापडला होता, दुरुस्ती माहीत होती, ती पाच मिनिटांची होती, आणि तरीही ती करता आली नाही. हे सगळे लिहायचे ते त्या एका गोष्टीसाठी.

मामांची गरज

मामा ७२ वर्षांचे आहेत. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. प्रेस म्हणजे मुद्रांक, पासपोर्ट छापणारी सरकारी सिक्युरिटी प्रेस, पण नाशिकरोडला नुसते ‘प्रेस’ म्हटले की पुरते. निवृत्तीनंतर आठवड्यातून दोनदा जेलरोडहून बसने शालिमारला उतरायचे आणि सार्वजनिक वाचनालयात पुस्तक बदलायचे, हा त्यांचा नेम होता. १८४० साली सुरू झालेल्या त्या वाचनालयाच्या सभासदत्वाचा त्यांना अभिमान आहे. त्यांच्या ओळखीच्या एका घरी ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमातली पुस्तकांची पेटी आली तेव्हा तिचा ताबा जवळजवळ त्यांच्याकडेच होता.

मग दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आणि तरीही वाचन जमेना. मधुमेहाने दृष्टिपटलावर परिणाम झाला होता. वर्तमानपत्राचा मथळा वाचता येतो, खालची बातमी नाही. फोनवर अक्षर मोठे करून पाहिले, पण त्या उजेडाने वीस मिनिटांत डोळ्यांतून पाणी येते. वाचनालयातून आणलेली पुस्तके टेबलावर पडून राहू लागली आणि मुदत संपली की मामी ती तशीच परत करू लागल्या. हे बघवेना, म्हणून गेल्या दिवाळीत मी त्यांच्यासाठी ई-रीडर घेतला.

ई-रीडरचा पडदा फोनसारखा पेटत नाही. त्यात केसाच्या जाडीएवढ्या बारीक कुप्या असतात, त्यांत पांढरे आणि काळे कण असतात, आणि विजेच्या झटक्याने हवे ते कण वर येतात. एकदा पान उमटले की ते धरून ठेवायला वीज लागत नाही, म्हणून एका चार्जिंगवर कितीतरी दिवस जातात. बाहेरचा उजेड पडतो तसेच ते दिसते, कागदासारखे. मामांच्या डोळ्यांना नेमके हेच हवे होते.

माझ्या खिशात साडेसहा हजार होते. तेवढ्यात सहा इंची, ७५८ गुणिले १०२४ ठिपक्यांच्या पडद्याचे एक यंत्र ऑनलाइन मिळाले. महागड्या यंत्रांत इंचाला ३०० ठिपके असतात, यात २१२. पण ज्याला अक्षर बोटाच्या पेराएवढे करूनच वाचायचे आहे त्याला हा फरक जाणवत नाही. यंत्र मंद होते. पान उलटले की मागच्या पानाची पुसट सावली राहायची, आणि यादीतून पुस्तक उघडायला सात-आठ सेकंद लागायचे. मामांनी त्याबद्दल एकदाही तक्रार केली नाही. स्वस्त वस्तूच्या अशा उणिवा माणूस सोसतो, कारण त्या दिसतात आणि किंमत देतानाच पत्करलेल्या असतात.

‘नाशकि’

पहिली फाइल मी मराठी विकिस्रोतावरून घेतली. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी साहित्य मुक्त होते. अशी बरीच जुनी पुस्तके तिथे आहेत आणि ई-पब या ई-पुस्तकांच्या स्वरूपात उतरवून घेता येतात. फाइल यंत्रात टाकली, उघडली, अक्षर मोठे केले आणि मामांच्या हातात दिले.

त्यांनी बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, “अगं, हे जुळाऱ्याने खिळे उलटसुलट लावल्यासारखं दिसतंय.”

तंतोतंत तसेच होते. ‘दिवस’च्या जागी ‘दविस’. ‘नाशिक’च्या जागी ‘नाशकि’. ‘धर्म’मधला रफार डोक्यावर चढलाच नव्हता, र पाय मोडून म च्या शेजारी उभा होता. जोडाक्षरे सगळी सुटी झाली होती.

कारण समजायला मला दोन संध्याकाळी लागल्या. संगणकात मराठी मजकूर उच्चाराच्या क्रमाने साठवलेला असतो. ‘दि’ म्हणजे आधी द, मग ऱ्हस्व वेलांटी. कागदावर मात्र ती वेलांटी द च्या आधी काढायची असते. रफाराचेही तसेच, साठवताना आधी आणि दिसताना पुढच्या अक्षराच्या माथ्यावर. ही अदलाबदल करण्याचे नियम फॉन्टमध्ये लिहिलेले असतात, पण ते वाचून अमलात आणणारा भाग यंत्राच्या आत असावा लागतो. आमच्या यंत्रात तो नव्हता. जसे साठवले तसे त्याने एकामागून एक मांडले, म्हणून द ची वेलांटी व ला जाऊन चिकटली. खोक्यावर लिहिले होते की ई-पब चालते, आणि ते खोटे नव्हते. ई-पब चालत होते. मराठी चालत नव्हती.

फॉन्ट बदलून उपयोग नव्हता, कारण दोष फॉन्टचा नव्हताच. मग मी उलट बाजूने गेले. घरच्या संगणकाला मराठी नीट मांडता येते, तर मांडणी त्याच्याकडूनच करून घ्यायची. सहा इंची पडदा म्हणजे साधारण ९ गुणिले १२ सेंटिमीटरचे पान. लेखन-प्रणालीत, म्हणजे मजकूर लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये, तेवढे पान घेतले, कडा अर्ध्या सेंटिमीटरच्या ठेवल्या, अक्षर २२ पॉइंट केले आणि पीडीएफ काढली. पीडीएफमध्ये प्रत्येक अक्षर आपापल्या जागी बसवूनच ठेवलेले असते, त्यामुळे वाचणाऱ्या यंत्राला मराठीचे नियम यावे लागत नाहीत. पाच मिनिटांचे काम. यंत्रात टाकले आणि ‘दिवस’ दिवस झाला.

त्या रात्री मामा साडेअकरापर्यंत वाचत बसले होते, असे मामींनी सकाळी फोनवर सांगितले.

विकत घेतलेली दोन पुस्तके

मामांना जुने नको होते. त्यांना गेल्या दोन-तीन वर्षांतले एक आत्मकथन हवे होते आणि एक कथासंग्रह. एका ऑनलाइन दुकानात दोन्ही मिळाली, १८० आणि २२५ रुपयांना. पैसे मामांनी स्वतःच्या खात्यातून भरले.

उतरवून घेतल्यावर हाती आली ती किलोबाइट-दोन किलोबाइटची एक फाइल. तेवढ्यात पुस्तक मावत नाही. ती नुसती चिठ्ठी असते : अमक्याने अमके पुस्तक घेतले आहे, ही चिठ्ठी दाखवणाऱ्याला ते द्यावे. ती एका ठरावीक प्रणालीत उघडायची, तिथे आपले खाते तयार करायचे, मग ती प्रणाली खरे पुस्तक आणते आणि त्या खात्याच्या किल्लीने कुलूप लावून देते. ई-रीडरही त्याच खात्याशी जोडलेला असेल तरच त्याला किल्ली मिळते. शिवाय एका खात्यावर किती यंत्रे जोडायची यालाही मर्यादा असते. खरेदीच्या पानावर यातले काहीही लिहिलेले नव्हते.

आत्मकथनाची चिठ्ठी मामेभावाने उत्साहाने आधी स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या खात्यातून उघडली. चिठ्ठी ज्या खात्यात पहिल्यांदा उघडते त्याचीच होते. नंतर मामांच्या खात्यातून प्रयत्न केला तर उत्तर आले की हा परवाना दुसऱ्या वापरकर्त्याने आधीच घेतला आहे. बाप आणि मुलगा एका घरात राहतात, पैसे बापाने भरले, आणि पुस्तक मुलाच्या फोनवर आहे. मामांना फोनवर वाचता येत नाही.

कथासंग्रहाच्या वेळी सावध राहिले. मामांच्या घरच्या जुन्या संगणकावर मामांचेच खाते उघडले. चिठ्ठी टाकली तर संदेश आला की विनंतीची मुदत संपली आहे. नुकतीच घेतलेली चिठ्ठी, दहा मिनिटेही झाली नव्हती. तीन वेळा केले, तीनदा तेच. चौथ्या वेळी माझी नजर पडद्याच्या कोपऱ्यातल्या तारखेकडे गेली. संगणक कित्येक वर्षे मागे होता. आतला नाण्याएवढा सेल संपला होता, त्यामुळे वीज गेली की घड्याळ मागे जायचे, आणि नाशिकरोडला त्या आठवड्यात वीज रोज जात होती. कुलपाची प्रणाली वेळ ताडून बघते. तिच्या लेखी आमची विनंती भलत्याच काळातून आलेली होती. महात्मा गांधी रोडवरून ४० रुपयांचा सेल आणला, तारीख लावली, आणि पुस्तक आले.

कारखान्यात असा दोष सापडला की मनातून आनंद होतो. इथे तो झाला नाही. २२५ रुपयांचे पुस्तक वाचण्यासाठी संगणकाचा खोका उघडून सेल बदलावा लागतो, आणि मामांच्या घरात भाची देखभाल विभागात आहे म्हणून तो बदलला गेला. जिथे अशी भाची नाही तिथे तो माणूस काय करत असेल, हा विचार डोक्यातून जाईना.

यंत्रावर पुस्तक उघडले. पहिल्याच ओळीत ‘दविस’.

अडलेली दुरुस्ती

दोष तोच होता, दुरुस्तीही तीच. संगणकावर उघडायचे, ९ गुणिले १२ च्या पानावर २२ पॉइंटात मांडायचे, पीडीएफ काढायची. पण कुलूपबंद फाइल दुसऱ्या कशात उघडत नाही. कॅलिबर या ई-पुस्तकांचे रूपांतर करणाऱ्या प्रणालीत टाकली तर त्याने सांगितले की पुस्तकाला कुलूप आहे, रूपांतर होणार नाही. कुलपाच्या प्रणालीत मजकूर दिसत होता आणि तिथे अक्षरेही नीट दिसत होती, पण छापायची किंवा नक्कल करायची परवानगी प्रकाशनाने बंद ठेवली होती.

कुलपाबद्दल बोलताना नेहमी चोरीचे बोलले जाते. लेखकाचे नुकसान होऊ नये, प्रकाशक जगला पाहिजे, हे मलाही मान्य आहे. छोट्या मराठी प्रकाशकाचे पुस्तक फुकटच्या गटांवर फिरू लागले तर त्याचे किती हाल होतात हे मी जवळून पाहिले आहे. पण आमच्या घरात कुलपाने अडवले ते काय? ज्याने पैसे दिले त्या माणसाला, त्याच्याच पुस्तकातला ‘दिवस’ हा शब्द सरळ करण्यापासून. इंग्रजी वाचकाला ही दुरुस्ती लागतच नाही, त्याची अक्षरे साठवलेल्या क्रमानेच उमटतात. कुलूप सगळ्यांना सारखेच, पण दुरुस्तीची गरज आपल्या लिपीला जास्त, म्हणून त्याचा जाच आपल्याला जास्त होतो.

मी तीन ठिकाणी फोन केले. यंत्राच्या विक्रेत्याकडून कळले की पाठिंबा असलेल्या भाषांच्या यादीत मराठी नाही, त्यामुळे हा दोष धरता येणार नाही. यादी माहितीपुस्तिकेच्या शेवटून दुसऱ्या पानावर होती. पुस्तकाच्या दुकानाने सांगितले की त्यांच्या फोनवरच्या ॲपमध्ये पुस्तक व्यवस्थित दिसते, दुसऱ्याच्या यंत्राची जबाबदारी त्यांची नाही. कथासंग्रहाच्या प्रकाशकांकडे फोन उचलणाऱ्या बाईंना तर कुलपाचेच नवल वाटले. त्यांनी फाइल वितरकाला दिली होती. कुलूप कोणी, कुठे, कोणत्या अटींवर लावले याची त्यांना कल्पना नव्हती. तिघेही आपापल्या जागी बरोबर होते, आणि मामांच्या हातात ‘नाशकि’ होते.

कुलूप फोडायची साधने मिळतात हे मला माहीत आहे. मी ती वापरली नाहीत. २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या कॉपीराइट कायद्यात ६५ए हे कलम आले. हक्काचा भंग करण्याच्या हेतूने असे संरक्षण तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. त्याच कलमात सवलतही आहे : कायद्याने स्पष्टपणे मनाई न केलेल्या कारणासाठी केलेली कृती त्यात येत नाही, पण अशा कामात दुसऱ्याला मदत करणाऱ्याने त्याचे नाव, पत्ता आणि कारण यांची पूर्ण नोंद ठेवली पाहिजे. त्याच दुरुस्तीने कलम ५२ मध्ये दिव्यांग वाचकांसाठी सुलभ स्वरूपातली प्रत करायला मुभा दिली. दृष्टिहीन वाचकांसाठीचा माराकेश करार २०१४ मध्ये सर्वांत आधी मान्य करणारा देश भारतच होता. एवढे वाचून मी मामांना म्हटले की आपल्याला वाव आहे, करून बघू या का.

मामा नाही म्हणाले. “मी आयुष्यभर कुलपाआडच्या कागदावर काम केलं. कुलूप मी तोडणार नाही. ज्याने लावलंय त्याला उघडायला सांग.”

म्हणून मी त्या मार्गाने गेले नाही.

सांगून पाहिले

ऑनलाइन विक्रीसाठी २०२० चे नियम आहेत. विक्रेत्याच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रार मिळाल्याचे कळवायचे आणि महिन्याच्या आत निवारण करायचे. दोन्ही पुस्तकांबद्दल मी दुकानाला लेखी तक्रार केली. सोबत यंत्राच्या पडद्याचे फोटो लावले, ‘दविस’खाली लाल रेघ मारून. काही झाले नसते तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करायचा होता. तशी वेळ आली नाही. सतराव्या दिवशी कथासंग्रहाचे २२५ रुपये परत आले आणि पुस्तक मामांच्या खात्यातून नाहीसे झाले. आत्मकथनाचे पैसे मिळाले नाहीत, कारण ते मामेभावाच्या फोनवर उघडले गेले होते, म्हणजे त्यांच्या मते वापरले गेले होते.

पुस्तक खात्यातून नाहीसे झाले याचा मामांना धक्का बसला. पैसे परत मिळाले, मग वस्तू गेली हे रास्तच आहे. पण कोणी घरी आले नाही, काही मागितले नाही, आणि कपाटातली वस्तू गेली. मग मी त्यांना जुन्या गोष्टी सांगितल्या. २००९ च्या जुलैमध्ये ॲमेझॉनने विकलेल्या दोन कादंबऱ्या वाचकांच्या किंडल या ई-रीडरमधून दुरूनच पुसल्या होत्या. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते म्हणून तसे झाले होते, आणि पुढे कंपनीने माफीही मागितली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-पुस्तकांचे दुकानच बंद केले. पैसे परत दिले, पण पुस्तके गेली. २६ फेब्रुवारी २०२५ पासून किंडलची पुस्तके संगणकावर उतरवून तारेने यंत्रात घालायची सोयही ॲमेझॉनने काढून टाकली. मामा म्हणाले, “म्हणजे आपण विकत घेतच नाही.” हो, आपण वाचायची परवानगी घेतो. मग बटणावर ‘विकत घ्या’ असे का लिहितात, हा त्यांचा प्रश्न होता, आणि मला तो फार रास्त वाटतो.

प्रकाशकांकडच्या बाईंना मी पुन्हा फोन केला. या वेळी तक्रार केली नाही, मामांची गोष्ट सांगितली. त्यांनी त्यांच्या अक्षरजुळणीच्या माणसाला फोन दिला. पुस्तक जुन्या फॉन्टमध्ये, म्हणजे युनिकोड हे सगळ्या लिपींचे सामायिक प्रमाण रुळण्याआधीच्या, जुळवलेले होते, पण पीडीएफला त्याने फरक पडत नाही. पानाचे माप आणि अक्षराचा आकार त्याने लिहून घेतला. दोन दिवसांनी ई-मेलने पीडीएफ आली. कुलूप नव्हते. प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत मामांचे पूर्ण नाव आणि तारीख होती. ही प्रत कुठे फिरलीच तर कोणाची होती ते कळावे, एवढाच त्याचा उद्देश. परत आलेले २२५ रुपये मामांनी त्याच संध्याकाळी प्रकाशकांच्या खात्यात भरले.

ते नाव त्यांनी भिंग लावून वाचले आणि त्यांना ते फार आवडले. “हा वॉटरमार्क झाला,” म्हणाले. “नोटेत वॉटरमार्क असतो, पण तो नोट खर्च करायला अडवत नाही. ज्याला तपासायची आहे त्याने उजेडात धरावी.”

मराठी प्रकाशकांनी हाच मार्ग धरावा असे मला मनापासून वाटते. खरेदीदाराचे नाव पानावर छापा, हवे तर पहिल्या पानावर ठळक छापा. नावाच्या भीतीने माणूस फाइल वाटत फिरणार नाही, आणि ज्याने पैसे दिले त्याला आपल्या डोळ्यांना सोसेल असे पुस्तक करून घेता येईल. शिवाय कुलपाच्या व्यवस्थेवरचा खर्च वाचेल.

आजची स्थिती

यंत्र चालू आहे. त्यात विकिस्रोतावरची अकरा पुस्तके आणि प्रकाशकांकडून आलेला कथासंग्रह आहे. आत्मकथन मामेभावाच्या फोनवर आहे. तो रविवारी दुपारी त्यातली पाच-सहा पाने मामांना वाचून दाखवतो.

यंत्र तपासायला मी एक वाक्य तयार केले आहे : ‘दुसऱ्या दिवशी नाशिकच्या धर्मशाळेत विश्वासने कीर्तन ऐकले.’ त्यात ऱ्हस्व वेलांटी आहे, रफार आहे, दुसऱ्या-मधला अर्धा र आहे, जोडाक्षरे आहेत. हे वाक्य ई-पबमध्ये घालून यंत्रावर उघडले की त्याला मराठी येते की नाही ते पाच सेकंदांत कळते.

मामांच्या प्रेसमधल्या एका मित्राला आता ई-रीडर घ्यायचा आहे. मागच्या सोमवारी आम्ही विक्रेत्याला ती फाइल पाठवली, यंत्रावर उघडून पडद्याचा फोटो मागवला, आणि कुलूपबंद पुस्तक किती यंत्रांवर आणि कोणाच्या खात्यावर चालेल तेही लेखी विचारले. उत्तर आलेले नाही. ऑर्डर दिलेली नाही.